डुकरं, बिबट्या, घोणस आणि आमची दोन एकर: जेसीबी बोलावू का?

पत्र असं आहे:

"काकू, या शिमग्याला आम्ही पुण्यातल्या नोकऱ्या सोडून संगमेश्वर तालुक्यात सासऱ्यांच्या घरी कायमचे राहायला आलो. जुनं कौलारू घर, दोन एकर जागा, थोडी भातशेती, काजू-आंब्याची जुनी झाडं, मागून पऱ्या म्हणजे ओढा जातो, वरच्या अंगाला कातळ. घर वीस वर्षं बंद होतं त्यामुळे सगळीकडे रान माजलंय. आठ महिन्यांत अकरा कोंबड्या गेल्या, गणपतीनंतर कुत्रा बिबट्याने नेला, कापणीच्या तोंडावर डुकरांनी भात लोळवलं, केळी-पपया माकडांनी संपवल्या आणि न्हाणीघराच्या मागे दोनदा घोणस निघाली. मिस्टर म्हणतात जेसीबी लावून सगळं साफ करू, तणनाशक मारू, चारही कोपऱ्यांना हॅलोजन लावू. शेजारचे म्हणतात तारेत लाईनचा करंट सोडा नाहीतर तारेचा फास, फासकी लावा. मला दोन्ही पटत नाही, पण मुलगा पाच वर्षांचा आहे, रात्री झोप लागत नाही. अजून एक, परवा बॅटरीच्या उजेडात खवले मांजर दिसलं, शेजारी म्हणाले त्याचे लाखो मिळतात. आणि मुलाला सापाबद्दल काय शिकवू तेही सांगा."

अगं, बाकी सगळं नंतर, आधी करंट आणि फासकीचं बोलते कारण त्यात वेळ घालवण्यासारखं नाहीये. करंट सोडू नकोस. कोणी कितीही सांगितलं, "आम्ही दहा वर्षं लावतोय काही झालं नाही" म्हणाले तरी नको. आमच्या पलीकडच्या वाडीत असाच डुकरांसाठी सोडलेला करंट होता, पहाटे गुरं शोधायला निघालेला माणूस त्या तारेला लागला. मी गेले होते त्या घरी. त्याच्या बायकोचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो आणि ज्याने तार लावली तोही शेजारीच, रोज उठबस असलेला, दोन्ही घरं त्या दिवशी बसली. माणूस मेला तर तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो, चोरून वीज घेतल्याचा वेगळा, आणि तुला तर घरात पाच वर्षांचं पोर आहे जे चेंडूच्या मागे कुठेही धावणार. फासकीचंही तेच. फासकी डुकरासाठी लावतात पण तारेला काय कळतं कोण आलंय, आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात कितीतरी बिबटे डुकराच्या फासकीत कमरेला आवळून तडफडून मेलेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, आणि तुमच्या जागेत फासकी सापडली की पहिली विचारणा तुमच्याकडेच होणार. शेजारच्यांशी भांडू नकोस, त्यांना सरळ सांग की घरात लहान मूल आहे, आमच्या हद्दीत तार नको. मुलाचं नाव काढलं की गावात कोणी वाद घालत नाही.

आता जेसीबी. तुझ्या मिस्टरांची तळमळ मला कळते, रान बघून शहरातून आलेल्या माणसाला वाटतंच की एकदा सगळं मोकळं केलं की दिसेल तरी काय आहे ते. मीही बावीस वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यात आले तेव्हा हेच केलं. काजूखालची सगळी झुडपं काढली, पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा झाडून गोळा केला, जाळला, जमीन अंगणासारखी स्वच्छ केली, सगळे म्हणाले वा. मग जून आला. आपल्याकडे पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तो सगळा चार महिन्यांत, आणि जांभ्या दगडावर माती आधीच पातळ. पहिल्या पंधरा दिवसांत लाल पाण्याचे लोट पऱ्यात जाताना मी पडवीतून बघत होते आणि तेव्हा कळत नव्हतं की ती माझी जमीन चाललीय. सप्टेंबरात काजूच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या, तीन झाडं वाऱ्यात गेली. ती माती परत यायला मला दहा वर्षं पातेरा पसरावा लागला. म्हणून सांगते, तुमच्या जागेत जेसीबी आणू नका, निदान पहिलं वर्षभर तरी नाही. तणनाशकही नको, पऱ्याच्या काठाला तर मुळीच नको, ते धुऊन पाण्यात जातं आणि खाली कोणाची तरी विहीर असते.

आणि वरचा कातळ. त्याला लोक पडीक म्हणतात, माती टाकून बाग करू म्हणतात, चिऱ्याची खाण काढू म्हणतात. त्या कातळावर पावसाळ्यात श्रावण-भाद्रपदात काय फुलतं ते तू यावर्षी बघितलंच असशील, नसशील तर पुढच्या वर्षी मुलाला घेऊन नक्की जा. शिवाय आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत, राजापूरकडे कशेळीच्या सड्यावर केवढा मोठा हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात बाकीचे प्राणी. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. अनेक शिल्पं माती आणि गवताखाली झाकलेली होती, गावच्या माणसांनाही आडवी-तिडवी एखादी रेघ एवढंच माहीत होतं. तुमच्या कातळावर असेलच असं नाही म्हणत मी, पण एकदा चालून, गवत वाळलं की बघा, मग ठरवा. मशीन फिरलं की बघायला काही उरत नाही.

आता मूळ गोष्ट. तू लिहिलंयस घर वीस वर्षं बंद होतं. माझ्या मते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. आमच्या सासूबाई सांगायच्या, पूर्वी भात पोटरीला आलं की प्रत्येक मळ्यात माळा असायचा, रात्री राखणीला कोणी ना कोणी, पत्र्याचा डबा वाजायचा, या टोकाने हाकारा दिला की त्या टोकाने उत्तर यायचं. दिवसभर गुरं रानात, पोरं गुरांमागे, बायका कवळ तोडायला, लाकडाला. रान होतं पण रानात माणूस होता. मग सगळे मुंबईला गेले, गणपती-शिमग्याला येणारे झाले, मळे ओस पडले, त्यात रानमोडी आणि करवंदीची जाळी वाढली आणि डुकरांना दिवसा झोपायला घराच्या पाठीमागेच जागा झाली. तुमच्या अंगणातून जी वाट जाते ती डुकरांनी वीस वर्षं वापरलीय, त्यांच्या पिल्लांना ती आईने दाखवलीय. आता तुम्ही आलात. ती वाट मोडेल, पण तुम्ही तिथे रोज चाललात, बोललात, काम केलंत की मोडेल, आणि त्याला दोनेक वर्षं लागतील. मी खोटं सांगणार नाही.

मग आज काय करायचं तर जागेचे तीन भाग कर. कागदावर काढ हवं तर. घर आणि त्याच्याभोवतीचं तीस-चाळीस फुटांचं रिंगण हा एक भाग, तिथे एकदम कडक. मग भात, भाजी, केळी हा दुसरा, तिथे राखायचं. आणि पऱ्याचा काठ, कातळ, जुन्या झाडांखालचं रान हा तिसरा, तिथे हात लावायचा नाही. मिस्टरांना सफाईची जी हौस आहे ती सगळी त्या पहिल्या रिंगणात वापरू दे, तिथे भरपूर काम आहे.

रिंगणात पहिलं काम घोणशीचं. साप तुमच्याकडे उंदीर-बेडकांसाठी येतो आणि लपायला जागा मिळाली की राहतो. न्हाणीघराच्या मागे काय आहे ते बघ, मी न बघता सांगते, जुनी कौलं रचून ठेवलेली असतील, नाहीतर चिरे, नाहीतर लाकडं, आणि न्हाणीचं पाणी तिथेच मुरत असेल. ओलावा, बेडूक, आडोसा, तिन्ही एका जागी. ती कौलं आणि लाकडं घरापासून लांब, जमिनीपासून हातभर वर फळ्यांवर रचा, हलवताना काठीने आणि पायात गमबूट घालून, हात घालून नाही, विंचूही त्यातच असतो. न्हाणीचं पाणी पन्हळीने लांब केळीला न्या. जोत्याची भोकं सिमेंटने बुजवा, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराखालची फट बंद. कोंबड्यांचं दाणा-खाद्य पत्र्याच्या डब्यात. उंदराचं औषध मात्र घालू नको, विष खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि तेही जातं, आणि घुबडाइतके उंदीर कोणी मारत नाही. पिंजरा लाव. धामण दिसली तर हात जोड आणि जाऊ दे, ती बिनविषारी आहे आणि उंदरांसाठी तिच्यासारखी राखण नाही.

जमिनीवर झोपू नका कोणीही. मण्यार रात्री फिरते, तिचा दात लागलेला कित्येकदा कळतसुद्धा नाही, झोपेत चावते आणि सकाळी पोटात दुखतं, डोळे मिटायला लागतात तेव्हा धावपळ होते. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने फार मोठा धोका टळतो. कातळावर फुरसं असतं, ते एवढंसं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली, तिथे अनवाणी कधीच नाही. आणि हे काम याच आठवड्यात कर: तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचार की सर्पदंशाची लस कायम असते का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर पुढचं कुठलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते त्यामुळे साप ओळखायला, पकडायला, मारून पिशवीत घालून न्यायला थांबायचं नाही. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, तो हात किंवा पाय हलवू न देता, अंगठी-बांगडी काढून, सरळ गाडी नाहीतर १०८ ची रुग्णवाहिका. मांत्रिकाकडे जाण्यात जो तास जातो तोच तास माणूस वाचवायचा असतो. विंचवाचंही सांगून ठेवते, आपला कोकणातला लाल विंचू लहान मुलाला जीवघेणा होऊ शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधला म्हणून आज मुलं वाचतात, पण त्यासाठीसुद्धा वेळेत दवाखान्यात पोचावं लागतं.

हॅलोजनचं. नको गं. रात्रभर झगझगीत दिवा म्हणजे किडे, किड्यांमागे बेडूक आणि पाली, त्यांच्यामागे साप, म्हणजे तू घोणशीसाठी अंगणातच पंगत मांडतेस. आणि डुकरं आठ दिवसांत उजेडाला सरावतात. पडवीत आणि न्हाणीच्या वाटेवर माणूस आल्यावर लागणारा सेन्सरचा दिवा लाव, बाकी हातात चांगली बॅटरी. शिवाय मे संपता संपता पऱ्याच्या काठच्या झाडांवर काजवे येतात ना, त्यांना एकमेकांचा उजेड दिसावा लागतो. ते तुझ्या मुलाने बघायला हवेत.

कोंबड्या आणि कुत्रा. अकरा कोंबड्या बिबट्याने नेल्या असं तू समजत असशील, पण मला नाही वाटत. दिवसा गेल्या असतील तर मुंगूस नाहीतर ससाणा, रात्री एकेक गेली असेल आणि पिसं फारशी नसतील तर रानमांजर. खुराडं जमिनीवर, लाकडी पट्ट्यांचं असेल तर ते कोणालाही उघडतं. चिऱ्याचा पाया, खाली फरशी, चहूबाजूंनी वेल्ड केलेली जाड जाळी, कोंबडीची पातळ षट्कोनी जाळी नव्हे, ती दाताने तुटते. वरूनही जाळी आणि दाराला खरीखुरी कडी. सूर्य मावळायच्या आत सगळ्या आत. मी असं खुराडं केलं त्याला चौदा वर्षं झाली, त्यातून रात्री एकही गेली नाही.

कुत्रा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. माझी काळू अशीच गेली, दारातून, आणि मी कितीतरी दिवस तिचं ताट उचललं नव्हतं. पण त्याला रात्री अंगणात बांधून ठेवलं होतं का? बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, बिबट्यासाठी तो वाढून ठेवल्यासारखाच असतो. पुढचा कुत्रा आणाल, आणाच, राखणीला हवाच, तर रात्री त्याला बंद पडवीत घ्या. बिबट्याला कुत्रा फार आवडतो, हे नुसतं म्हणणं नाही, डॉ. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात उसाच्या शेतांमधल्या बिबट्यांचा कितीतरी वर्षं अभ्यास केला त्यात हेच दिसलं की गावाजवळचा बिबट्या मुख्यतः कुत्री आणि पाळीव जनावरांवर जगतो. म्हणजे गावात उकिरडा, उकिरड्यावर कुत्री, कुत्र्यांसाठी बिबट्या. कोंबडीची आतडी, मटणाचं उरलंसुरलं घराजवळ टाकत असाल तर ते आधी बंद, खोल पुरा.

तू पुढे विचारशीलच की वनखात्याला सांगून त्याला पकडून नेलं तर? जुन्नरला हे झालंय. वीसेक वर्षांपूर्वी तिथून बरेच बिबटे पकडून लांब सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जिथे सोडले त्या बाजूलाही वाढले. जागेवरचा बिबट्या काढला की ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो, आणि त्या नव्याला तुमच्या येण्याजाण्याच्या वेळा माहीत नसतात. तुमच्याकडे जो आहे त्याला त्या माहीत आहेत, तो तुम्हाला टाळतोय. पण भीती काढून टाक असं मी म्हणणार नाही, जुन्नर-शिरूरकडे लहान मुलं गेली आहेत, तिथे ऊस दाराला लागून असतो आणि बिबट्या त्यातच राहतो. म्हणून तुझ्या दारालगतचं रान काढ, त्या तीस-चाळीस फुटांत कंबरेएवढं गवत असता कामा नये. अंधार पडल्यावर मुलाने एकट्याने बाहेर यायचं नाही, अंगणातसुद्धा नाही, हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. उघड्यावर कोणी बसायचं नाही, वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. रात्री चालताना बोलत चाला, मोबाईलवर गाणी लावा. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हात वर करून मोठं दिसायचं आणि हळूहळू मागे सरायचं, मुलाला आधी कडेवर घ्यायचं. दिवसा दिसला तर गर्दी करून मागे लागू नका, व्हिडिओ काढायला तर नाहीच. जखमी असेल, अडकला असेल किंवा रोज त्याच जागी येत असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करा. आणि विहिरीला कठडा आहे का? नसेल तर आधी तो, तुझ्या मुलासाठी आणि रात्री अंधारात धावणाऱ्या जनावरासाठीही.

डुकरांचं सांगते. लाईनचा करंट वेगळा आणि सौर कुंपणाचं झटका मशीन वेगळं, हे शेजाऱ्यांना समजावून सांग. झटका मशीन क्षणभराचा धक्का देतं, जनावर दचकतं, मरत नाही. चांगल्या कंपनीचं तयार मशीनच घ्या, घरगुती जोडणी करणाऱ्या वायरमनकडून नको. दोन एकराला सगळीकडे लावायची गरज नाही, फक्त भात आणि भाजीभोवती, खालची तार जमिनीपासून वीतभरच वर, कारण डुक्कर बहुतेक वेळा खालून घुसतं. गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो, म्हणून दर आठवड्याला तारेखालचं गवत कापावं लागतं, लोक तेच करत नाहीत आणि मग म्हणतात मशीन फालतू. वनखात्याच्या योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, तुमचं गाव त्यात बसतं का ते रेंज ऑफिसात जाऊन विचार. जुन्या साड्या, नाभिकाकडचे केस, मिरचीचा धूर हे सगळं मी केलंय, प्रत्येक गोष्ट चार-आठ दिवस चालते, म्हणून कापणीआधीच्या शेवटच्या पंधरवड्यात आलटून पालटून करायची.

आणि कायमचं कुंपण म्हणून गडगा, म्हणजे दगड रचून केलेली बैठी भिंत, दुरुस्त करा. तुमच्याकडे जुना जांभ्याचा गडगा असणारच, ढासळलेला. त्यावर आणि त्याच्या बाहेरून करवंद, निवडुंग, सागरगोटा लावा, मधेमधे गिरिपुष्पाचे खुंट, पहिल्या पावसात. तीन-चार वर्षांत त्यातून डुक्कर जात नाही, करवंदं मुलाला खायला, गिरिपुष्पाचा पाला शेताला. गडग्यात मुंगूस, सरडे, धामणी राहतात, सिमेंटच्या कंपाउंडमध्ये कोण राहणार.

नुकसान झालं की तक्रार कर, थोडं असलं तरी. दुसऱ्याच दिवशी, फोटो काढून, सातबारा घेऊन, वनरक्षकाकडे. पैसे कमी मिळतात, उशिरा मिळतात, खरं आहे, पण कागदावर नोंद नसली की सरकारच्या लेखी तुमच्या गावात डुकरंच नाहीत.

माकडांना माझ्याकडे उत्तर नाही. बावीस वर्षांत मी सगळे उपाय करून बघितले आणि एवढंच शिकले की माणूस हजर असेल तर माकड कमी येतं. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावा, एक माणूस आणि एक कुत्रा सगळ्यांच्या बागा फिरेल, एकट्याने हे होत नाही. केळी-पपई घरापासून दिसेल तिथेच लावा. बाकी जागेत हळद, आलं, आणि आंब्याच्या बुंध्यावर मिरीचे वेल, माझ्याकडे तरी माकडांनी याला हात लावलेला नाही. त्यांना खायला घालू नका, मुलालाही देऊ देऊ नका, गाडी थांबवून बिस्किटं टाकणारे पाहुणे येतील त्यांनाही हात धरून थांबव. आणि कुठे माकड मरून पडलेलं दिसलं तर हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळव, तिकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप आला होता, तो गोचिडीतून पसरतो.

खवले मांजर. यासाठी मी तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं. माझ्या बावीस वर्षांत मला ते फक्त दोनदा दिसलंय. ते मुंग्या आणि वाळवी खातं, एवढंच खातं, दात नसतात, घाबरलं की गोळा होतं, आणि गोळा झालं की माणूस त्याला सरळ पोत्यात भरतो, वाघापासून वाचवणारी युक्तीच त्याचा घात करते. मादीला बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं, ते शेपटीवर बसून फिरतं. त्याच्या खवल्यात औषध वगैरे काही नाही, आपल्या नखात जे असतं तेच असतं. लाखो मिळतात म्हणणाऱ्याला सांग की कायद्यात ते बिबट्याच्याच यादीत आहे आणि विकणारा, दलाल, ठेवणारा सगळे आत जातात. आणि तू कोणालाच सांगू नकोस आता. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला फोटो टाकू नको, नातेवाईकांच्या ग्रुपवर नको, कुठे दिसलं ते मलाही लिहिलं नाहीस हे फार बरं केलंस. मिस्टरांना समजाव की त्यांना जे रान साफ करायचंय, पऱ्याकाठचं, वारुळांचं, तेच त्याचं घर आहे. शेजारी पुन्हा विषय काढतील तेव्हा "ते नव्हतंच, साळींदर होतं" म्हण. एरवी मी कोणाला खोटं बोलायला सांगत नाही.

त्या तिसऱ्या भागात करायचं काहीच नाही असं नाही, पण जे करायचं ते हळू. पातेरा जाळू नका, शिमग्यापर्यंत गोळा करून काजू-आंब्याच्या बुंध्याभोवती हातभर अंतर सोडून पसरा. वणवा लागू नये म्हणून हद्दीवर आठ-दहा फुटांचा पट्टा मात्र स्वच्छ ठेवा, आपल्याकडे मार्च-एप्रिलला सड्यावर कोणीतरी काडी टाकतंच. जुनं, पोकळ झालेलं झाड तोडू नका, धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि महिनोन्‌महिने नर तिला बाहेरून भरवतो. वड-उंबर असेल तर त्याच्या फांदीलासुद्धा हात नको. बाकी एक वही घाल, रोज दोन ओळी, कोण दिसलं, कुठे, किती वाजता, काय खाल्लं. पुढच्या दिवाळीला ती वही उघडलीस की जेसीबी कुठे लागेल आणि कुठे नाही हे तुम्हा दोघांना भांडण न करता कळेल. मला वाटतं फार तर गाडीच्या वाटेपुरता लागेल.

आणि मुलाचं. त्याला सापांची भीती घालू नको आणि साप म्हणजे मित्र असंही नको, पाच वर्षांच्या मुलाला मित्र म्हटलं की तो हात लावतो. त्याला तीनच गोष्टी शिकव आणि खेळासारख्या रोज घ्या, दोरीचा तुकडा अंगणात टाकून: साप दिसला की जागच्या जागी थांबायचं, मग तोंड सापाकडेच ठेवून तीन पावलं मागे जायचं, मग जोरात "आई" म्हणून हाक मारायची. आणि त्याने हाक मारली की, खोटी असली तरी, चुलीवरचं टाकून जा.